गायनशाळेचा उंबरठा

आमच्या महाविद्यालयांत इतिहासाची खोली आणि संगीतविभाग यांच्यामध्यें एकच भिंत आहे, आणि ती फारशी जाड नाहीं. त्यामुळें गेलीं वीस-बावीस वर्षें आषाढाच्या सुमारास पलीकडून नव्या विद्यार्थ्यांचे सूर मला ऐकूं येतात. पदवी घेऊन वरच्या वर्गांत नुकतेच दाखल झालेले हे तरुण असतात. कोणी सोलापुराकडील, कोणी कोंकणांतील, एखादी गोमंतकांतून आलेली. मी गवई नव्हें. माझा विषय इतिहास, शिक्षण इंग्रजी पद्धतीचें, आणि सुराचें ज्ञान बाळपणीं कीर्तनें ऐकून जेवढें होतें तेवढेंच. तरीही विभागप्रमुखांच्या आग्रहास्तव दरवर्षीं पहिल्या आठवड्यांत या मंडळींपुढें त्यांच्या विषयाच्या इतिहासावर एक तास बोलण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. त्या तासानें त्यांच्या पदरांत काय पडलें तें तींच जाणोत. माझ्या पदरांत मात्र एक प्रश्न पडला, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझा तास संपवून मी तेथेंच मागें बसलों होतों. पुढच्या तासाच्या शिक्षकांनीं फळ्यावर एक लहानशी स्वरपंक्ति लिहिली व दोन विद्यार्थिनींस ती वाचून गावयास सांगितली. पंक्तीच्या शेवटीं ‘सा’ होता व त्याच्या डोक्यावर एक बिंदु होता. पहिलीनें तो वरच्या सप्तकांत लावला. दुसरी नेमकी तेथेंच खालीं उतरली. वर्गांत हंशा पिकला, शिक्षकांनीं दुसरीस चूक ठरविलें, आणि ती बिचारी ओशाळून खालीं बसली. नंतर चौकशी करतां असें समजलें कीं, तिची कांहींच चूक नव्हती. पंडित भातखंडे यांच्या लिपींत स्वराच्या माथ्यावरील बिंदु म्हणजे तारसप्तक. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या लिपींत तोच बिंदु म्हणजे मंद्रसप्तक. तार दाखविण्यास पलुसकर माथ्यावर उभी रेघ काढतात, आणि तीच उभी रेघ भातखंड्यांच्या ‘म’वर आली म्हणजे तो मध्यम तीव्र होतो. एकाची सम फुलीनें दाखविली जाते, दुसऱ्याची एकाच्या आंकड्यानें. दोघेही विष्णु, दोघेही महाराष्ट्रीय, दोघांचें वय अवघ्या बारा वर्षांच्या अंतराचें. आणि त्यांच्या दोन बिंदूंच्या कैचींत आज शंभर वर्षांनंतर एक मुलगी सांपडली!

त्याच वर्षींची दुसरी गोष्ट मला अधिक लागली. एक विद्यार्थी वडिलांपाशीं केवळ तोंडीं शिकून आला होता. वडील खेड्यांत भजन सांगत. मुलाचा आवाज असा कीं, भिंतीपलीकडून तो आला म्हणजे माझ्या वर्गांतील मुलें पेशवाईचा ऱ्हास विसरून तिकडे कान देत. पण त्यास कोणतीच स्वरलिपि वाचतां येत नव्हती. ‘लिहिणें ही केवळ उपचाराची बाब आहे, तें आपोआप येईल’ असें मीं त्यास मोठ्या ऐटींत सांगितलें. तें आपोआप आलें नाहीं. दिवाळीच्या सुटींत तो गांवीं गेला तो परत आला नाहीं.

तेव्हांपासून मी स्वतःस विचारीत आलों आहें कीं, नवा विद्यार्थी उंबरठ्यांत उभा असतो तेव्हां पहिल्या सहा महिन्यांत त्यास काय द्यावयाचें, हें आमच्याकडे कोणी व कसें ठरविलें?

जुन्या काळीं या प्रश्नाचें उत्तर गुरूच्या घरांत होतें. शिष्याच्या मनगटास गंडा बांधावयाचा, तोंडांत गूळ-चणे घालावयाचे, शिष्यानें नजराणा ठेवावयाचा आणि जमलेल्या गवयांनीं साक्षीस राहावयाचें, हा विधि एका दिवसाचा. परंतु त्याच्या अलीकडे व पलीकडे जो काळ जाई तोच खरा प्रवेशाचा काळ. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचेंच उदाहरण घ्या. १८४९ सालीं मिरजेजवळच्या बेडग गांवीं जन्मलेला हा मुलगा गाणें शिकण्यासाठीं घर सोडून निघाला, धारेस देवजीबुवा परांजप्यांपाशीं राहिला, तेथून पुढें वासुदेवबुवा जोशी यांच्यापर्यंत पोंचला. आगगाडी सर्वत्र न पोंचलेल्या त्या काळांत केवळ गुरु मिळविण्यांतच माणसाचीं उमेदीचीं वर्षें खर्च होत. गुरु मिळाल्यावरही पाणी भरणें, बाजारहाट करणें, तंबोरा उचलून मागून चालणें हें आधीं, आणि तालीम मागाहून. ही रीत आमच्या काळापर्यंत टिकून होती. भीमसेन जोशी १९३६ च्या सुमारास कुंदगोळास सवाई गंधर्वांकडे राहावयास गेले तेव्हां त्यांनींही घागरी वाहिल्या. आणि तोडी, मुलतानी व पुरिया या तीन रागांवर त्यांच्या तालमीचा मुख्य भार पडला.

या घागरींची आजच्या विद्यार्थ्यास चीड येते, व ती योग्यच आहे. परंतु त्या काळांत आणखी एक गोष्ट घडत असे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. शिष्य ऐकत असे. पहांटे गुरु खर्ज भरीत असतां, दुपारीं थोरला शिष्य तीच तान शंभर वेळां घोळवीत असतां, रात्रीं मैफलींत मागें बसून तंबोरा छेडीत असतां त्याच्या कानावर संस्कार होत. त्यास कोणी ‘हा षड्ज’ म्हणून सांगत नसे. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळतां पिळतां, मणी खालींवर सरकवतां सरकवतां, जवारीचा दोरा बोटभर हलवून तार बोलती करतां करतां षड्ज काय आहे हें त्यास कळूं लागे. गळ्याच्या आधीं कान तयार व्हावा, ही त्या पद्धतीची न बोललेली प्रतिज्ञा होती.

मात्र या पद्धतीचें गुणगान करतांना आमची लेखणी फार सैल सुटते, हेंही सांगितलें पाहिजे. त्या घरांत शिरावयास कोणास मिळत असे? ज्यास वशिला होता, किंवा ज्यास घरदार सोडतां येत होतें त्यास. कारकुनाच्या मुलास तें साधण्याजोगें नव्हतें. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांतील मुलीस तर गाण्याचें नांव काढण्याचीही चोरी. ज्या स्त्रियांनीं गाणें टिकविलें त्यांस समाजानें सन्मान दिला नाहीं, आणि उस्तादांनीं विद्या दिली ती मोजून घेऊन. गोव्याच्या केसरबाई केरकर यांनीं १९२१ मध्यें अल्लादियाखांसाहेबांचा गंडा बांधला तेव्हां त्या कांहीं नवशिक्या नव्हत्या. तरीही मुदतीच्या व बिदागीच्या कडक अटी मान्य केल्यावरच तालीम सुरू झाली. अटी कडक होत्या म्हणून गाणें तसें झालें, असें म्हणणारे आहेत. पण अशा अटी पुऱ्या करण्यास असमर्थ म्हणून किती गळे मुके राहिले, त्यांची नोंद कोणत्याच बखरींत नाहीं.

घराचा दरवाजा शाळेचा करण्याचा पहिला मोठा यत्न बडोद्यास झाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं मौलाबक्ष यांनीं १८८६ मध्यें तेथें गायनशाळा काढली. मौलाबक्ष यांनीं स्वतःची स्वरलेखनपद्धति बसविली होती. म्हणजे शाळा निघाली त्याच वेळीं गाणें कागदावर उतरूं लागलें. या दोन्ही गोष्टी एकमेकींस बांधलेल्याच आहेत. एक गुरु व एक शिष्य असतां कागद लागत नाहीं. एक गुरु व तीस शिष्य झाले कीं, फळा आलाच.

परंतु नव्या विद्यार्थ्याचें काय करावें, याचा खोलवर विचार ज्यांनीं केला ते वर सांगितलेले दोन विष्णु. त्यांचीं उत्तरें परस्परांहून इतकीं भिन्न आहेत कीं, तीं एकाच काळांत व एकाच भाषेच्या माणसांनीं दिलीं याचें नवल वाटतें.

पलुसकर हे कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत त्यांची दृष्टि अधू झाली व लेखनवाचनाचा मार्ग खुंटला म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाण्यास बसले. म्हणजे कागद ज्यास दुरावला त्यानेंच पुढें स्वरलिपि निर्माण केली! १८९६ मध्यें त्यांनीं मिरज सोडली. एका समारंभास त्यांना स्वतःला बोलावणें आलें पण त्यांच्या गुरूंस आलें नाहीं, हा अपमान त्यांच्या जिव्हारीं लागला अशी कथा आहे. गवयाची समाजांतील पायरी वर नेल्यावांचून गाण्यास दिवस नाहींत, हा त्यांचा निश्चय होता, आणि त्यांच्या विद्यालयाची सगळी रचना त्या निश्चयांतून निघाली. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें. राजाश्रय नाहीं, प्रांत परका, भाषा परकी. आरंभीं विद्यार्थी फारच थोडे आले असें सांगतात.

या विद्यालयांत सर्वसाधारण विद्यार्थी फी देऊन येत व तासाच्या शेवटीं घरीं जात. पण पलुसकरांचा जीव होता तो उपदेशकवर्गावर. या वर्गांतल्या मुलांनीं विद्यालयांतच राहावयाचें. जेवणखाण, कपडालत्ता, विद्या सर्व विनामूल्य. मात्र नऊ वर्षें सोडून जावयाचें नाहीं असा करार करून द्यावयाचा. म्हणजे गुरुगृहच, पण नियमांनीं बांधलेलें. ज्या घरांत गुरूची लहर हा कायदा होता तेथें पलुसकरांनीं घंटा आणली. ठराविक वेळीं उठणें, प्रार्थना, रियाज, खालच्या वर्गांस शिकविणें. शिवाय विद्यालयाचा छापखाना होता, वाद्यें दुरुस्त करण्याचा कारखाना होता, त्या कामांतही हात घालावा लागे. विद्यार्थ्याच्या राहणीवर त्यांचा कटाक्ष असे. व्यसनी गवयाचें चित्र त्यांस जगाच्या डोळ्यांपुढून पुसावयाचें होतें. नवा मुलगा प्रथम सभ्य गृहस्थ व्हावा, मग गवई, असा हा क्रम होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १९०८ मध्यें मुंबईस शाखा निघाली, इमारत उठली, आणि इमारतीच्या कर्जांतच ती पुढें लिलांवांत गेली. परंतु ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हीं नांवें उच्चारलीं कीं, त्या शिस्तीनें काय उपजलें याचा हिशेब मिळतो.

भातखंड्यांची प्रकृति निराळी. १८६० मध्यें वाळकेश्वरीं जन्म, पदवीधर, वकील. सतार ते वल्लभदासांपाशीं शिकले, ध्रुपदें रावजीबुवा बेलबागकरांपाशीं, आणि ख्यालाची ओळख त्यांस पारशी गृहस्थांच्या गायन उत्तेजक मंडळींत झाली. म्हणजे घरांत राहून पाणी भरण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधीं आलाच नाहीं. ते गाण्याकडे आले ते जिज्ञासु म्हणून. साहजिकच नव्या विद्यार्थ्याची जी मूर्ति त्यांच्या डोळ्यांपुढें होती ती प्रश्न विचारणाऱ्या शिष्याची होती. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा चार भागांचा मराठी ग्रंथ उघडून पहावा : सगळा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरु उलगडा करतात, शिष्य पुन्हां खोदून विचारतो. उस्तादाच्या घरीं ज्या प्रश्नांबद्दल कान उपटला गेला असता ते प्रश्न येथें शिष्य खुशाल विचारतो! गायनाच्या घरांत ही केवढी क्रांति झाली, हें आम्हां पुस्तकी लोकांच्या चटकन लक्षांत येत नाहीं, कारण आम्ही प्रश्न विचारण्याचाच पगार घेतों.

नवशिक्यासाठीं त्यांनीं रचिली ती ‘क्रमिक पुस्तकमालिका’. सहा भाग, सुमारें १८०० चिजा. पहिल्या भागांत अलंकार, सोपे सरगम, आणि ज्या दहा रागांवरून त्यांनीं दहा थाटांस नांवें दिलीं ते राग. त्यांत लक्षणगीत म्हणून जो प्रकार आहे तो मला फार चतुराईचा वाटतो. रागाचा वादी कोणता, वर्ज्य काय, वेळ कोणती, हीं सगळीं लक्षणें त्याच रागाच्या चालींत गुंफलेलीं असतात. मुलगा गाणें म्हणूं लागला कीं, शास्त्र त्याच्या तोंडांत आपसूक बसतें. स्वरचित गीतांत त्यांनीं ‘चतुर’ हें नांव घातलें आहे, तें उगीच नव्हे. आणि गंमत अशी कीं, उत्तर हिंदुस्थानांतील विद्यालयांचा हा पाया मराठींत लिहिलेला. चिजांचे शब्द ब्रजभाषेचे, आणि भोंवतालचें विवेचन मराठी. हिंदी रूपांतर मागाहून झालें.

आतां एक प्रसंग सांगतों, जो मला या सगळ्या इतिहासाचें मर्म वाटतो. ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे यांनीं १९१८ मध्यें माधव संगीत विद्यालय काढलें. शिकविण्यास गवई हवे, आणि ग्वाल्हेरीस गवयांचा काय तोटा! पण ते लिपि जाणत नव्हते. म्हणून दरबारनें निवडक गवई मुंबईस भातखंड्यांकडे स्वरलिपि व नवी पद्धति शिकावयास पाठविले. त्यांत राजाभैया पूंछवाले होते. वय पस्तिशीचें, तालीम शंकर पंडितांची, गाणें तयार. अशा माणसानें पुन्हां पाटी घेऊन बसावयाचें, आणि शिकविणारा कोण, तर वकिलीची सनद घेतलेला, मैफलीचा गवई नसलेला गृहस्थ! नव्या शिक्षणाचे पहिले ‘नवे विद्यार्थी’ असे जुने गुरुच होते. राजाभैयांनीं तें आनंदानें पत्करलें व पुढें त्याच विद्यालयाची धुरा वाहिली. परंतु सगळ्यांस तें जमलें असेल काय? ज्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या केवळ गळ्यांत व कानांत सांठविलेली होती, अशा किती खांसाहेबांस व किती गायिकांस या नव्या उंबरठ्यावर ‘अशिक्षित’ हा शब्द प्रथम ऐकावा लागला असेल? माझ्या त्या भजनी बापाच्या मुलाकडे पाहतांना मला या मंडळींची आठवण होते.

भातखंड्यांस याची जाणीव नव्हती असें नाहीं. उस्तादांवर त्यांनीं कठोर टीका केली हें खरें. पण चिजा मिळविण्यासाठीं तेच उस्तादांच्या दारांत उभे राहिले, आणि कीर्ति झाल्यावर उतारवयांत त्यांनीं रामपूरच्या नबाब हमीद अलीखां यांचें शिष्यत्व पत्करलें. कागदावर सर्व कांहीं उतरतें, अशी भाबडी समजूत त्या मनुष्याची असती तर त्यानें हा उपद्व्याप कशास केला असता?

लखनौस १९२६ मध्यें मॅरिस कॉलेज निघालें, आणि १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे मुख्य झाले. मुंबईचा हा तरुण भातखंड्यांचा पट्टशिष्य. परंतु त्यांनींच व्यवस्था करून त्यास बडोद्यास फैयाजखांसाहेबांकडे तालमीस ठेवविलें होतें. विल्सन कॉलेजची पदवी, आणि आग्रा घराण्याचा गंडा. दोन्ही दरवाज्यांतून आंत आलेला असा मनुष्य दुर्मिळ. लखनौस त्यांनीं काय केलें तर वर्ग, परीक्षा, क्रमिक पुस्तकें हें सगळें यथास्थित चालू ठेवलें, आणि वर्ग सुटल्यावर आपल्या घराचें दार उघडें ठेवलें. बैलहोंगलचे कृष्ण गुंडो गिंडे १९३६ मध्यें अकरा वर्षांचे असतां तेथें गेले ते रातंजनकरांच्या घरांतलेच होऊन राहिले. सुमति मुटाटकर तेथें शिकल्या व पुढें दिल्ली विद्यापीठाच्या संगीतविभागाच्या प्रमुख झाल्या. ज्या समाजानें पन्नास वर्षांपूर्वीं मुलीस गाण्याची चोरी केली होती त्याच समाजांतून या बाई आल्या. फळा, घंटा आणि परीक्षा यांचें हें देणें विसरतां येणार नाहीं.

पुढील कथा सर्वांस ठाऊक आहे. बनारसच्या हिंदु विद्यापीठांत १९५० मध्यें ओंकारनाथांनीं संगीत महाविद्यालय उभें केलें. १९५६ मध्यें खैरागढास संगीताचें स्वतंत्र विद्यापीठच निघालें व रातंजनकर त्याचे कुलगुरु झाले. मॅरिस कॉलेज भातखंड्यांच्या नांवाचें झालें व २०२२ पासून राज्य विद्यापीठ म्हणून नांदत आहे. विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनीं १९३१ मध्यें स्थापिलेल्या मंडळाच्या परीक्षांस अजूनही गांवोगांव मुलें बसतात. अशा रीतीनें दोन्ही विष्णूंचे विद्यार्थी शेवटीं आमच्या वर्गांत एका सतरंजीवर येऊन बसतात; एक घेऊन येतो माथ्यावरचा बिंदु तारेचा, दुसरा मंद्राचा, आणि तिसरा कांहींच लिहिलेलें न आणतां आपल्या बापाचा गळा घेऊन येतो. पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम आंखणारे या तिघांसही एकच पुस्तक देतात, कारण सत्र साडेचार महिन्यांचें आणि घटक चार.

तंबोऱ्याचें तर विचारूंच नका. प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांतून तो वाजतो, लागलेलाच असतो, कधीं उतरत नाहीं. सोय मोठी खरी. पण ज्यानें तार उतरलेली कधीं ऐकलीच नाहीं त्यास ती चढविणार कोण?

मीं हें सगळें विभागप्रमुखांपाशीं एकदां बोलून दाखविलें. बाई अनुभवी आहेत, आणि माझ्यासारख्या अगायकाचेंही ऐकून घेतात. यंदा त्यांनीं पहिले चार आठवडे फळ्यास हात लावावयाचा नाहीं असें ठरविलें. विद्यार्थ्यांनीं सकाळीं येऊन मिरजेचे ते दोन जुने तंबोरे कपाटाबाहेर काढावे, आळीपाळीनें लावावे, आणि एकानें लावलेला दुसऱ्यानें ऐकावा. पांचव्या आठवड्यांत दोन्ही लिप्या शेजारींशेजारीं मांडाव्या, बिंदु कोणाचा तें आधीं विचारावें. या चार आठवड्यांच्या तासांपुढें वेळापत्रकांत काय लिहावयाचें, अशी विचारणा कचेरींतून झाली. बाईंनीं ‘तंबोरा’ असें लिहून पाठविलें. तिसऱ्या दिवशीं कागद परत आला. वर तांबड्या शाईनें लिहिलें होतें : ‘घटक क्रमांक नमूद करावा.’ तो कागद अजून त्यांच्या मेजावर आहे, आणि भिंतीपलीकडून सकाळीं आठ वाजतां कोणीतरी पंचमाची खुंटी पिळीत असल्याचा आवाज येत असतो.